मुनीमकाका आणि ४१ क्विंटल तूर

आयुष्यात मी आजवर एकाच माणसाला नोकरीवरून काढायचा सल्ला दिलाय, आणि तोही व्हॉट्सॅपवर. दोन ओळींचा मेसेज आणि सोबत एक्सेलची फाईल. हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये बसून पाठवला, चहा संपवला आणि पुढच्या मीटिंगला गेलो. ज्याच्याबद्दल तो मेसेज होता त्या माणसाने मला लहानपणी पोत्यांच्या थप्पीवरून कितीतरी वेळा खाली उतरवून घेतलंय. दर वेळी खिशातून एक लिमलेटची गोळी काढून दिलीय. हे मेसेज टाइप करताना आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं, तरी पाठवला.

तर आधी पात्रपरिचय.

माझे मामा लातूरचे. लातूर म्हटलं की पुण्यातल्या माझ्या मित्रांना तीनच गोष्टी आठवतात : १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी, आणि डॉक्टर-इंजिनिअर तयार करणारा 'लातूर पॅटर्न'. मामांना विचारलं तर ते म्हणतील, तूर. एमआयडीसीत त्यांची एक लहानशी डाळ मिल आहे. मिलला लागणाऱ्या तुरीपैकी बरीचशी नांदेडहून येते, कारण नांदेडच्या नव्या मोंढ्यात मामांचं आडतीचं दुकान आहे. ते दुकान बावीस वर्षं मुनीमकाकांनी चालवलं. मामा महिन्यातून दोनदा जायचे, चहा प्यायचे, वह्या बघितल्यासारखं करायचे आणि परत यायचे. नांदेड ते लातूर, लोहा-अहमदपूर-चाकूरमार्गे एसटीने तीन-साडेतीन तास. रस्त्याचं काम चालू असेल तर कितीही. (आमच्याकडे ते कायम चालूच असतं.)

मुनीमकाका म्हणजे सौदा त्यांचा, पट्टी त्यांची, तिजोरीची किल्ली त्यांची. कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याला पेरणीला किती उचल दिली, कोण माल घालून फेडेल आणि कोण तोंड चुकवून दुसऱ्या आडतीवर गाडी लावेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात. माल हातात घेऊन, दाताखाली एक दाणा फोडून ते हवा किती आहे ते सांगायचे. मॉइश्चर मीटर आल्यावरही लोक मीटरकडे कमी आणि त्यांच्या तोंडाकडे जास्त बघायचे. पगार, बावीस वर्षांनंतर, एकोणीस हजार. हा आकडा मला उशिरा कळला. कळला तेव्हा मी मनात माझ्या पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आठवलं आणि गप्प बसलो.

आता माझा प्रवेश. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी कॉलेजातून २०१९ ला इंजिनिअरिंग झालं. पाच वर्षं दुसऱ्यांचे प्रोजेक्ट करून झाल्यावर आपल्या माणसांसाठी काहीतरी करावं अशी उबळ येते ना, तशी मला २०२३ च्या डिसेंबरात आली. मामांना एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. नांदेडला बिल झालं की किती पोती, किती वजन हे त्यात चढणार. गाडी लातूरला मिलच्या वजनकाट्यावर आली की तिथलं वजन चढणार. दोन्ही आपोआप ताडून बघणार. मामींनी संगणकाला हळदीकुंकू लावलं, मामांनी पेढे वाटले. मी तर जवळजवळ उद्योगरत्नच झालो होतो :-)

तुरीचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. तो संपल्यावर, म्हणजे २०२४ च्या गणपतीत घरी गेलो असताना मी पहिल्यांदा पूर्ण हंगामाचा रिपोर्ट काढला. नांदेडहून ७४ खेपा. प्रत्येक खेपेत नांदेडच्या वजनापेक्षा लातूरचं वजन सरासरी ५५ किलो कमी. एकूण साधारण ४१ क्विंटल. त्या हंगामात तुरीचा भाव दहा हजारांच्या आसपास खेळत होता, म्हणजे चारएक लाख रुपये. आणि लातूरच्याच बाजारात घेतलेल्या तुरीत ही घट जवळपास शून्य.

बघा, किती स्वच्छ दिसतं! नांदेडलाच घट, लातूरला नाही. नांदेडला कोण? मुनीमकाका. तिथे मापाड्याच्या काट्यावर एकेक पोतं तोललं जातं, आकडा ते लिहून घेतात, पैसे त्या आकड्यावर दिले जातात. कागदावर पोतं जड करायचं, वरचे पैसे ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर वाटून घ्यायचे. बसल्या जागी पूर्ण कथा तयार.

एकदा संशय आला की माणूस वेगळाच दिसायला लागतो, हे मी वाचलं होतं. अनुभवलं तेव्हा कळलं की तो फार शहाण्यासारखा वाटणारा अनुभव असतो. काकांच्या धाकट्याला लातूरला मेडिकलच्या क्लासला घातलंय, वर हॉस्टेल. पैसे कुठून? काका कधी रजा घेत नाहीत. बावीस वर्षांत एकदा टायफॉइड झाला तेव्हा आठ दिवस, बस. मी लगेच गुगलवर. घोटाळेबाजाची लक्षणं : रजा घेत नाही, काम दुसऱ्याला देत नाही, सगळं स्वतःच्या हातात ठेवतो. म्हणूनच तर बँकांमध्ये संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस, आधी न सांगता, सक्तीने रजेवर पाठवायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेत उपव्यवस्थापक गोकुळनाथ शेट्टी २०१० पासून २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत एकाच जागी होता. २०१८ ला नीरव मोदी प्रकरण बाहेर आलं तेव्हा सीबीआयने त्याच्यावर ठेवलेला आरोप असा की स्विफ्टवरून हमीपत्रं जात राहिली आणि बँकेच्या मुख्य प्रणालीत त्यांची नोंदच झाली नाही. दोन प्रणाली एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. माझ्यासारख्याला हे वाचून काय वाटणार? मी दोन प्रणाली जोडल्या, आणि चोर सापडला.

पुण्याला परतल्यावर मेसेज पाठवला. 'मामा, फाईल बघा. मुनीमकाकांना काढावं लागेल.'

मामांचा फोन रात्री दहाला.

"काढायचं म्हणलं तर आत्ता फोन करतो आन् काढतो. उद्या सकाळी नव्या मोंढ्यात दुकान कोण उघडंल? तू येतूस का लॅपटॉप घेऊन?"

सोयाबीन तोंडावर आलं होतं. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली, चार हजारांच्या आसपास. शेतकरी आधीच चिडलेला. वरून मालात हवा. (पुढे नोव्हेंबरात, ऐन विधानसभेच्या निवडणुकीत, सरकारने हमीभावाच्या खरेदीसाठी हवेची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली, त्यावरून किती ओरड होती ते कळेल.) अशा वेळी मोंढ्यात शेतकऱ्याशी बोलणारा माणूस बदलणं म्हणजे हंगाम घालवणं. शिवाय उचल. पंचवीस-तीस लाखांची उचल गावोगाव पसरलेली, आणि तिचा खरा पत्ता एकाच डोक्यात.

मी फोनवर मोठ्या तोंडाने म्हणालो, "मामा, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"व्हय की," मामा म्हणाले. "चार लाखांचा पण हाय."

मामांच्या मित्रमंडळीत दोन गट पडले. संध्याकाळी गंजगोलाईजवळ एका दुकानात त्यांची बैठक असते. एक गट म्हणे, उद्याच्या उद्या पोलिसात द्या. त्यांच्या तोंडात उदाहरणही लातूरचंच. २०२३ च्या जानेवारीत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका लिपिकावर सरकारी खात्यांतून २२ कोटींहून जास्त रक्कम परस्पर वळवल्याचा गुन्हा दाखल झाला होता. कलेक्टर ऑफिसात असं होऊ शकतं तर आपण कोण? दुसरा गट म्हणे, बावीस वर्षं खाल्लं नसेल कशावरून, पण कमवूनही दिलंच ना, सोडून द्या. दोन्ही गटांनी 'त्याने खरंच खाल्लंय का' हे मात्र विचारलं नाही. माझ्या एक्सेलने ते विचारायची गरजच ठेवली नव्हती.

विचारलं ते एका वकिलांनी. मामांचे शाळासोबती. त्यांनी सांगितलं की नोकराने केलेला विश्वासघात म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(४), शिक्षा सात वर्षांपर्यंत. तेव्हा शब्द जपून वापरा. आधी त्याला लेखी विचारा, कागद दाखवा, उत्तर द्यायला वेळ द्या, आणि तोपर्यंत पगार बंद करू नका. मग एक खटला सांगितला. कोलारच्या सोन्याच्या खाणीत कॅप्टन एम. पॉल अँथनी हे सुरक्षा अधिकारी होते. १९८५ मध्ये त्यांच्या घरी पोलिसांचा छापा पडला, सोनं सापडल्याचं सांगण्यात आलं. निलंबन. निलंबनकाळातला निर्वाहभत्ता मिळाला नाही, त्यामुळे चौकशीला हजर राहता आलं नाही. चौकशी त्यांच्या पाठीमागे उरकून बडतर्फी. पुढे फौजदारी कोर्टात तो छापाच सिद्ध झाला नाही आणि ते निर्दोष सुटले. पण नोकरी परत मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निकाल यावा लागला. वकीलकाकांनी एवढं सांगून माझ्याकडे बघितलं. "इंजिनिअरसाहेब, तुमचा छापा पक्का आहे ना?"

मी म्हणालो, आकडे आहेत. आकडे खोटं बोलत नाहीत.

हे वाक्य मी खरोखर बोललो. साक्षीदार आहेत.

दसरा शनिवारी आला होता, मी दोन दिवस जोडून घेतले आणि लातूरला मिलवर गेलो. काकांना द्यायच्या पत्राला पुरावा जोडायचा होता, म्हणून काट्यावरच्या मूळ पावत्यांचे फोटो काढायला. काट्यावर एक पोरगा बसतो. त्याला म्हटलं, भरलेल्या गाडीची पावती दिसतेय, रिकाम्या गाडीची कुठाय?

"दादा, रिकामी गाडी आता कोण तोलतंय? तुमच्या कॉम्प्युटरमधी हायच की वजन."

मी तसाच उभा राहिलो.

ज्यांना काट्याचं माहीत नाही त्यांच्यासाठी : गाडी भरलेली तोलतात, माल उतरवून रिकामी तोलतात, वजाबाकी म्हणजे माल. आता दर वेळी रिकामी गाडी परत काट्यावर घ्यायची म्हणजे दहा-पंधरा मिनिटं जातात, रांग लागते. म्हणून मी हुशारीने सोय केली होती की नेहमीच्या गाड्यांचं रिकामं वजन एकदाच साठवायचं. नंबर टाकला की वजन आपोआप येणार. प्रोग्रामच्या भाषेत याला आम्ही मास्टर डेटा म्हणतो, आणि तो पहिल्यांदा बरोबर भरला असेल असं गृहीत धरतो. नांदेडहून येणाऱ्या तीन गाड्या ठरलेल्या, म्हणून त्यांचं वजन साठवलेलं. लातूरच्या बाजारातून येणारे टेम्पो-ट्रॅक्टर रोज वेगळे, म्हणून ते दर वेळी रिकामे तोलले जात. नांदेडलाच घट आणि लातूरला नाही, याचं कारण एवढंच होतं.

तिन्ही गाड्यांचं रिकामं वजन घेतलं गेलं होतं उद्घाटनाच्या दिवशी. माल उतरवून दोन गाड्या डिझेल भरायला गेल्या, टाकी फुल्ल करून परत आल्या, तेव्हा काट्यावर चढल्या. शंभर लिटर डिझेल म्हणजेच ऐंशीच्या वर किलो. केबिनमध्ये ड्रायव्हर, क्लीनर, आणि त्या पोराच्या म्हणण्याप्रमाणे पेढे खायला चढलेला आणखी एक जण. पुढे वर्षभर त्या गाड्या अर्धी-पाव टाकी घेऊन आल्या आणि माझा प्रोग्राम भरल्या टाकीचं वजन वजा करत राहिला.

पुढचे दहा दिवस तो पोरगा प्रत्येक रिकामी गाडी तोलून मला फोटो पाठवत होता. फरक कधी ४० किलो, कधी ९०. सरासरी ६५. त्या दोन गाड्यांच्या खेपा ५२. गुणाकार करा. जवळजवळ ३४ क्विंटल. उरले सात. ७४ खेपांत सात क्विंटल म्हणजे खेपेला दहा किलोसुद्धा नाही. पोत्याला भोक पडतं, माल वाळतो, एवढं कुठेही जातं.

त्या रात्री झोप आली नाही हे सांगायला नकोच. मी ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसबद्दल वाचत बसलो. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ते वाचायला हवं, निदान एकदा, आणि शक्यतो रिलीजच्या आदल्या रात्री. १९९९ पासून तिथल्या पोस्टाच्या शाखांत फुजित्सूची होरायझन नावाची प्रणाली आली. हिशेबात तूट दिसायला लागली. शाखाचालक सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत. पोस्ट म्हणायचं, संगणक दाखवतोय. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरवलं गेलं. सीमा मिश्रा नावाची भारतीय वंशाची शाखाचालक २०१० मध्ये, पोटात मूल असताना, तुरुंगात गेली. आरोप ७४ हजार पौंडांचा. तिची शिक्षा रद्द झाली २०२१ ला. प्रणालीत दोष होते हे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं, आणि सरसकट शिक्षा रद्द करायला मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. मे २०२४! म्हणजे मी माझा रिपोर्ट काढला त्याच्या चार महिने आधी. बातमी मी तेव्हा वाचली होती, ऑफिसच्या ग्रुपवर पाठवलीही होती, वर 'टेस्टिंग केलं नाही की असं होतं' अशी कॉमेंट टाकून.

सकाळी मामांना फोन लावला. सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. बराच वेळ पलीकडून काहीच नाही.

मग म्हणाले, "तू इकडं ये. दुसरंच निघालंय."

माझ्या मेसेजनंतर मामांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा उचलीची वही स्वतः, बोट ठेवून, ओळीने वाचली होती. लोह्याकडच्या एका गावचे चार शेतकरी. जूनमध्ये प्रत्येकी चाळीस हजार उचल. एकूण एक लाख साठ हजार. मामांना त्या गावात कुणाला उचल दिल्याचं आठवेना. नावापुढच्या नंबरावर फोन केला तर उचलला काकांच्या मेहुण्याने. चारही नावं खोटी. मागच्या दोन वर्षीही हीच नावं, जूनमध्ये उचल आणि दिवाळीच्या पाडव्याआधी पूर्ण जमा.

म्हणजे माझा पुरावा चुकीचा होता. माणूस मात्र त्यातून सुटत नव्हता. तूर एक दाणासुद्धा गेली नव्हती, आणि तरी वहीत चार खोटी माणसं होती. बग सापडला याचा मला आदल्या रात्री जो काही आनंद झाला होता (झाला होता, कबूल करतो), तो कुठल्या कुठे गेला.

काकांना लातूरला बोलावलं. मामांच्या घरी, बैठकीत. मामींनी पाणी आणून ठेवलं आणि दाराशीच थांबल्या. मामांनी वही उघडून समोर सरकवली.

काकांनी चष्मा लावायचे कष्टही घेतले नाहीत. "घेतले मालक. पोराच्या क्लासची फी अन् हॉस्टेल. पाडव्याला भरणारच होतो, दरसाली भरतोच. वहीत हाय."

"मागायचे होते ना."

"मागितले होते की. मे महिन्यात. तुमी म्हणलात, बघू दिवाळीनंतर."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या तांब्याकडे.

न बोलता घेतलेले आणि परत भरायचेच होते, अशा पैशांना चोरी म्हणायचं का? वकीलकाका आधीच सांगून चुकले होते : कायद्याच्या पुस्तकात स्पष्टीकरणच आहे की थोड्या काळापुरता केलेला अपहारही अपहारच. मला ते पटतं. परत भरले ही चांगली गोष्ट, पण खोटी नावं लिहिली तेव्हा माणसाला माहीत असतं की आपण काय करतोय. एखाद्या वर्षी पोराची फी आणखी वाढली असती, किंवा काकांनाच काही झालं असतं, तर ती चार भुतं वहीत कायमची राहिली असती. दुसरीकडे, मामा शेतकऱ्याला उचल देतात ती महिन्याला शेकडा दोनने. बावीस वर्षं किल्ली सांभाळणाऱ्याला मात्र एक लाख साठ हजारासाठी 'बघू'. हे मी मामांना तिथेच म्हणायला हवं होतं. नंतर म्हणालो.

मग मी माझं सांगितलं. सांगायलाच हवं होतं, कारण काकांना अजून वाटत होतं की बोलावणं उचलीसाठीच आलंय. म्हटलं, काका, मी आधी तुरीच्या वजनावरून तुमच्यावर आळ घेतला होता. ४१ क्विंटल. चूक माझ्या प्रोग्रामची होती. माफ करा.

तोवर शांत बसलेला माणूस एकदम ताठ झाला.

"तूर? मी तूर चोरंन व्हय?"

उचलीबद्दल मान खाली घातलेल्या काकांचे डोळे या वाक्याला भरून आले. मला ते तेव्हा नीट कळलं नाही. पैसे वहीतून जातात-येतात, त्यात त्यांच्या हिशेबाने उधारी होती, खोट्या नावाची का होईना. पण शेतकऱ्याचं माप? मापात पाप केलं असं कुणी त्यांना बावीस वर्षांत म्हटलं नव्हतं. पहिला मी, एक्सेलमध्ये, पिवळा रंग देऊन.

"कुणाकुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

मामा, वकील, आणि मामांकडून गंजगोलाईची अख्खी बैठक. मी 'दोघातिघांना' म्हणालो.

निर्णय मामांनी घ्यायचा होता, आणि दिवाळीला चारच दिवस होते. माझं मत त्या चार दिवसांत तीनदा बदललं. आधी वाटलं, काढायलाच हवं, कारण आता तर पुरावा खरा आहे. मग वाटलं, हा खरा पुरावा माझ्या खोट्या आरोपामुळे सापडला. नाहीतर मामांनी ती वही या जन्मी वाचली नसती. पाडव्याला पैसे भरले गेले असते आणि काका मोंढ्यातले सगळ्यात सचोटीचे मुनीम म्हणून निवृत्त झाले असते. मग वाटलं, त्याने काय फरक पडतो? दिवा कुणीही, कसाही लावला तरी उजेडात दिसलं ते दिसलं. आणि परत पहिल्यापासून.

१ नोव्हेंबर २०२४, लक्ष्मीपूजन. नांदेडच्या दुकानात दरसाली नव्या वहीवर पहिलं 'श्री' काका लिहायचे. त्या दिवशी मामा स्वतः नांदेडला आले. वही, लेखणी, झेंडू, साळीच्या लाह्या, सगळं मांडलं. लेखणी मामांनी उचलली आणि 'श्री' स्वतः काढलं. अक्षर वाईट. मग लेखणी काकांकडे दिली आणि म्हणाले, "खालचं तुमी लिहा." खालचं म्हणजे काकांच्याच नावावर एक लाख साठ हजार उचल, महिना पाच हजार हप्ता, बिनव्याजी. काकांनी लिहिलं, सही केली. तिजोरीची किल्ली मामांनी घेतली. ती आता माझ्या मावसभावाकडे असते, आणि उचल द्यायची तर लातूरला फोन करावा लागतो. पगार पंचवीस हजार केला. वर्षातून दहा दिवस सक्तीची रजा, ही माझी सूचना. रिझर्व्ह बँकेचं ऐकून काका पहिल्यांदा हसले. "बँकेवाल्यांना सोयाबीन नसतंय."

हप्ते अजून चालू आहेत. रिकाम्या गाड्या दर वेळी तोलल्या जातात, रांग लागते, ड्रायव्हर माझ्या नावाने बोटं मोडतात.

हे इथे संपवता आलं असतं. पण मला यातली एक गोष्ट टोचत राहिली. २०२२ मध्ये मामांनी त्याच दुकानातून एका पोराला काढलं होतं. हाताखालचा, नऊ हजार पगार. गल्ल्यात चौदाशे रुपये कमी निघाले, विचारणा पाच मिनिटं चालली, संध्याकाळी त्याचा हिशेब करून टाकला. वकील नाही, लेखी उत्तर नाही, चार दिवसांचा विचार नाही. त्याच्याविना दुकान बंद पडणार नव्हतं. काकांना मामांनी ठेवलं ते माणुसकीने, असं मामी सगळ्यांना सांगतात. माणुसकी होतीच, मी बघितली. पण पंचवीस-तीस लाखांची उचल डोक्यात नसती तर ती किती पुरली असती, हे मी मामांना एकदा विचारलं. ते म्हणाले, तू जेव.

गेल्या महिन्यात नांदेडला होतो. दुपारी दुकानात गर्दी नव्हती. काकांना विचारलं, ते चौदाशे नेमके कसे कमी आले होते?

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या दिवशी गल्ला मीच मोजला होता. एकदाच. परत मोजला न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "ते पोरगं आता लोह्याच्या पंपावर असतंय."

"त्या दिवसाची वही आहे?"

"माळ्यावर असंल."

शिडी हमालांनी नेली होती. ती येईपर्यंत आम्ही चहा मागवला.